पूररेषेच्या आत मुलांना खेळू द्या

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

जून उजाडला की आपल्या दैनिकात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पाणीपातळीची चौकट रोज छापून येऊ लागते आणि दिवाळी सरली की त्याच नदीकाठच्या सुशोभीकरणाच्या, बागांच्या आणि नव्या बांधकामांच्या बातम्या येऊ लागतात. दोन्ही बातम्या एकाच जमिनीच्या असतात. पण आपण त्या वेगवेगळ्या ऋतूंत वाचतो आणि म्हणून वेगवेगळ्या समजतो. मी गावभागात राहणारी, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. माझी मुलगी कॅनडातील टोरांटो शहरात स्थायिक झाल्यामुळे तिथे दोनदा दीर्घ मुक्कामाचा योग आला. त्या शहरातली माणसे विरंगुळ्यासाठी कुठे जातात, मुले कुठे खेळतात आणि त्या जागा शहराला कशा मिळाल्या, याविषयी मी जे पाहिले आणि वाचले ते आपल्या नदीकाठाला लागू पडते असे माझे ठाम मत झाले आहे, म्हणून हे पत्र. ते नेहमीच्या पत्रांपेक्षा मोठे झाले आहे. शक्य असल्यास संपूर्ण छापावे, ही विनंती.

आम्ही तिथे पहिल्यांदा कोणत्या परिस्थितीत गेलो ते आधी सांगायला हवे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले तेव्हा आमच्या घरात ते छातीपर्यंत होते. इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते, पण ५७ हा आकडा आमच्या आळीत कोणाच्याच हिशेबात नव्हता. पाणी ओसरल्यावर भिंतींची ओल काही केल्या जाईना, त्यात माझ्या यजमानांना दम्याचा त्रास, म्हणून मुलीने डिसेंबरमध्ये आम्हा दोघांना तिकडे बोलावून घेतले. दुसऱ्यांदा आम्ही २०२५ च्या मे महिन्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत राहिलो. अशा रीतीने एकदा कडाक्याच्या थंडीत आणि एकदा पुऱ्या उन्हाळ्यात ते शहर पाहता आले, आणि दोन्ही वेळा पूर पाहिलेल्या माणसाच्या नजरेने पाहिले गेले.

आपल्याकडच्या क्रिकेटप्रेमींना टोरांटो हे नाव १९९६ ते १९९८ या काळात तिथे झालेल्या भारत-पाकिस्तान सामन्यांमुळे आठवत असेल. ओंटारियो सरोवराच्या काठी वसलेले हे २०२१ च्या जनगणनेनुसार सुमारे २८ लाख वस्तीचे शहर कॅनडात सर्वांत मोठे आहे. पाहुण्यांना दाखवायची ठिकाणे तिथे पुष्कळ आहेत: १९७६ साली पूर्ण झालेला ५५३ मीटर उंचीचा सीएन टॉवर, त्याच्या पायथ्याचे मत्स्यालय, छप्पर उघडता-मिटता येणारे क्रीडागार, शहराच्या वेशीबाहेरची मोठाल्या पाळण्यांची नगरी. यातली काही आम्हीही पाहिली आणि ती पाहण्यासारखी आहेत. तिकिटे मात्र अशी की चौघांचे कुटुंब वर्षातून एखाद्या वेळीच जाऊ शकेल. मुलीच्या शेजारी राहणाऱ्या कुटुंबांपैकी कोणी रविवारी तिकडे जाताना मी पाहिले नाही. सकाळी न्याहारी उरकली की डबा, पाण्याच्या बाटल्या आणि चेंडू घेऊन ही सगळी मंडळी उतरणीच्या वाटेने नदीकडे जात.

मुलीचे घर हंबर नावाच्या नदीपासून पायी पंधरा मिनिटांवर आहे. घरांची रांग संपते तिथे जमीन एकदम खाली उतरते आणि खाली रुंद, गवताळ, झाडांनी भरलेली दरी लागते. मधून नदी वाहते, तिच्या कडेने पायवाट आणि सायकलींची वाट जाते, मध्येमध्ये बाक, पिण्याच्या पाण्याचे नळ, मुलांची साधी खेळणी, भाजून खायला जमलेल्या कुटुंबांसाठी लाकडी मेजे. कुंपण नाही, फाटक नाही, तिकीटखिडकी नाही. माझा आठ वर्षांचा नातू रोज संध्याकाळी तिथे दीड-दोन तास धावत असे आणि त्याचे आजोबा, ज्यांना सांगलीत घराबाहेर पडले की आधी गाडी चुकवावी लागते, ते एकही रस्ता न ओलांडता तीन-तीन किलोमीटर चालून येत. सप्टेंबर-ऑक्टोबरात तर सरोवरातले सामन मासे अंडी घालण्यासाठी नदीतून उलटे वर चढतात आणि छोट्या बंधाऱ्यांवरून उड्या मारतात. ते पाहायला काठावर शेकडो माणसे शांतपणे उभी असतात. एखादा मासा बंधारा चढून गेला की लहान-थोर सगळे टाळ्या वाजवतात. मनोरंजनाचा याहून निर्मळ प्रकार मी दुसरीकडे पाहिलेला नाही, आणि त्याला एक पैसा पडत नाही.

एवढ्या मोठ्या शहरात, जिथे जमिनीचा भाव आपल्या कल्पनेबाहेरचा आहे, तिथे नदीच्या दोन्ही काठांवर मैलोन्मैल मोकळी जागा कशी राहिली असेल, हा प्रश्न माझ्यातल्या शिक्षिकेला पडला. उत्तर मिळाले ते नदीकाठानेच वर, वेस्टन भागाजवळ असलेल्या रेमोर पार्क नावाच्या उद्यानात. आज तिथे हिरवळ आहे आणि मुले चेंडू खेळतात. १९५४ पर्यंत तिथे रेमोर ड्राइव्ह नावाचा रस्ता होता आणि त्यावर माणसांची घरे होती.

त्या वर्षी १५ ऑक्टोबरच्या रात्री कॅरिबियन समुद्रातून आलेल्या हेझल नावाच्या चक्रीवादळाचा उरलासुरला पाऊस टोरांटोवर कोसळला. आधीच्या पावसाने जमीन भिजून गच्च झालेली असल्याने पाणी मुरायला वाव नव्हता. हंबर नदी काही तासांत फुगली, एक पादचारी पूल पायापासून सुटून आडवा आला, पाण्याचा लोंढा वळला आणि रेमोर ड्राइव्हवरची चौदा घरे झोपलेल्या माणसांसह वाहून गेली. त्या एका रस्त्यावर ३५ माणसे दगावली. सगळ्या परिसरात मिळून ८१ जणांचा मृत्यू झाला आणि हजारो लोक बेघर झाले. हे वाचताना मला २०१९ च्या पुरात उलटलेली आपल्या ब्रह्मनाळची बोट आठवली, आणि त्या उद्यानातल्या बाकावर मी बराच वेळ नुसती बसून राहिले.

महत्त्वाचे आहे ते त्यानंतरचे. टोरांटोने त्या दरीत पुन्हा घरे बांधू दिली नाहीत. ओंटारियो प्रांतात नदीखोऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा १९४६ पासून होता, पण जमीन ताब्यात घेण्याची ताकद त्या यंत्रणेकडे नव्हती. हेझलनंतर कायदा बदलून ती ताकद देण्यात आली, १९५७ साली महानगर परिसरातल्या चार खोरे-यंत्रणा एकत्र करून एकच प्राधिकरण नेमले गेले आणि पुराच्या वाटेतल्या जमिनी मोबदला देऊन सरकारने विकत घेतल्या. मग प्रश्न आला की एवढ्या जमिनीचे करायचे काय. त्याचे उत्तर त्यांनी असे काढले की वर्षातले जे थोडे दिवस नदीला ती जागा हवी असते ते दिवस नदीने घ्यावेत, आणि बाकीचे सगळे दिवस माणसांनी. आज शहराच्या एकूण क्षेत्रापैकी सुमारे १७ टक्के, म्हणजे जवळजवळ ११ हजार हेक्टर जागा नद्या-ओढ्यांच्या अशा दऱ्यांची आहे आणि तिच्यातला निम्म्याहून अधिक भाग सार्वजनिक मालकीचा आहे. दीड हजारांहून अधिक उद्याने असलेल्या त्या शहरातली सर्वांत लांब, सर्वांत सावलीची आणि सर्वांत वापरातली मोकळी जागा पुरामुळे मिळालेली आहे.

संपादक महोदय, २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर आपण एका पिढीत पाहिले. प्रत्येक पुरानंतर आपण धरणांचे विसर्ग, अलमट्टी धरणामुळे मागे साचणाऱ्या पाण्याची फूग, पात्रातला गाळ यांची चर्चा केली आणि ती करायलाच हवी. परंतु पाणी ओसरल्यावर आपल्या शहरातल्या सखल जमिनीचे आपण काय करणार, हा प्रश्न सांगलीत कोणी तितक्या जोराने विचारलेला मला आठवत नाही. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर दोन रेषा असतात. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करू नये असा नियम आहे. नियम कागदावर राहतो आणि भराव मात्र प्रत्यक्षात पडतो, कारण मोकळी जागा आपल्याकडे कोणाचीच नसते. तिच्यावर कोणी रोज चालत नाही, खेळत नाही, बसत नाही, आणि म्हणून एका रात्रीत चार डंपर मुरूम टाकला तरी विचारणारे कोणी नसते. ज्या जागेवर रोज संध्याकाळी पाचशे मुले खेळतात तिथे भराव टाकायला माणूस धजत नाही. पूररेषेची राखण करायला मला याहून खात्रीचा उपाय दिसत नाही.

टोरांटोत सगळेच चांगले झाले आहे असे मला म्हणायचे नाही. हंबरची दरी त्यांनी राखली, पण पूर्वेकडच्या डॉन नदीच्या दरीतून त्यांनी एक रुंद द्रुतगती रस्ता नेला आणि रेल्वेमार्ग तर आधीपासून होताच. त्याचा भोग ते अजून भोगतात. ८ जुलै २०१३ रोजी मोठा पाऊस झाला तेव्हा त्या दरीत सुमारे १४०० प्रवाशांची लोकलगाडी पाण्यात अडकली आणि लोकांना बोटींनी बाहेर काढावे लागले. २०२४ च्या जुलैमध्ये तोच रस्ता पुन्हा पाण्याखाली गेला. त्याच नदीच्या पूरपट्ट्यातल्या हिरवळींवर पाणी येते, चिखल ठेवून जाते, आणि चार-आठ दिवसांत मुले पुन्हा तिथे खेळू लागतात. एकाच नदीकाठी रस्त्याची आणि हिरवळीची तुलना अशी शेजारीशेजारी पाहायला मिळते.

डॉन नदीची कथा आणखी एका कारणासाठी सांगावी तितकी थोडी आहे. कारखाने आणि सांडपाणी यांनी ती इतकी घाण झाली होती की १९६९ साली तिथल्या विद्यार्थ्यांनी तिची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली होती. आमच्या दुसऱ्या मुक्कामात, जुलै २०२५ मध्ये, तिच्या मुखाजवळ एक नवे उद्यान लोकांसाठी खुले झाले. पूर्वी बंदरासाठी नदीचे मुख काटकोनात वळवून सिमेंटच्या कालव्यात कोंबले होते. पूर आला की पाणी तिथे अडे आणि मागे शहरात शिरे. आता त्यांनी शंभर कोटींहून अधिक डॉलर खर्च करून नदीला नवे, वळणदार, दलदलीच्या काठांचे मुख खणून दिले आणि त्या काठांवर बीदासिगे हे मूलनिवासींच्या भाषेतले नाव दिलेले उद्यान केले. नातवाने तिथल्या प्राण्यांच्या आकाराच्या खेळण्यांवर अख्खी दुपार काढली. त्याच्या थोडे वर, २०१३ साली खुले झालेले कॉर्कटाउन कॉमन नावाचे दुसरे उद्यान आहे. त्यातली जी टेकडी मुले गडबडा लोळत उतरतात ती मुळात मध्यवर्ती शहराला पुरापासून वाचवणारा मातीचा बांध आहे. बांध घालायचाच तर तो मुलांना चढता येईल असा घालावा, हे त्यांना सुचले याचे मला फार कौतुक वाटते.

खर्चाचा मुद्दा निघेल हे मला ठाऊक आहे. नदीचे मुख खणण्याइतका पैसा आपल्याकडे नाही आणि आपल्याला त्याची गरजही नाही. हंबरकाठी मी जे पाहिले ते स्वस्तातले आहे: गवत, झाडे, बाक, वाट आणि रोज कचरा उचलणारी माणसे. आपल्याकडे उद्यान म्हटले की आधी कमान, मग सिमेंटचे रस्ते, फरशी, कारंजे, रंगीत दिवे आणि त्यांचे उद्घाटन असा क्रम लागतो. पहिल्या पुरात कारंज्याची मोटार जाते, दुसऱ्यात दिव्यांचे खांब वाकतात आणि मग फाटकाला कुलूप लागते. कृष्णेचा पूर हंबरसारखा काही तासांत ओसरणारा नसतो. तो आठवडाभर ठाण मांडतो आणि बोटभर जाडीचा गाळ अंथरून जातो. तेव्हा आपल्या नदीकाठी यंत्राने चालणारी कोणतीही गोष्ट नसावी, लोखंड कमीत कमी असावे, बसायला दगडी कट्टे असावेत, आणि करंज, उंबर, जांभूळ, चिंच अशी पाण्यात उभी राहू शकणारी आपल्या काठावरचीच झाडे असावीत. हरिपूरच्या रस्त्यावरच्या चिंचांखालून संगमेश्वराला चालत गेलेल्या प्रत्येक सांगलीकराला अशी सावली काय असते ते सांगायला नको.

टोरांटोच्या महानगर परिसराचे पहिले उद्यान आयुक्त टॉमी थॉम्पसन यांनी शहराच्या हिरवळींवर पाट्या लावल्या होत्या: ‘कृपया गवतावरून चाला’. आपल्या बागांतून मी आयुष्यभर नेमकी उलटी पाटी वाचत आले आणि शाळेच्या सहलीत मुलांना गवतावरून ओरडून बाजूला काढत आले, याची तिथे मला खंत वाटली. याच अधिकाऱ्याच्या नावाने तिथे एक भूशिर आहे. बांधकामांचा राडारोडा वर्षानुवर्षे सरोवरात टाकून तयार झालेली ती सुमारे पाच किलोमीटर लांबीची जमीन आहे, जिच्यावर झाडे आपोआप रुजली आणि पक्षी येऊन राहिले. आता ती पक्ष्यांसाठी राखीव आहे आणि शनिवार-रविवारी लोकांना फिरायला खुली असते.

देणगीची गोष्टही सांगण्यासारखी आहे. शहराच्या पश्चिमेकडील हाय पार्क हे सुमारे १६० हेक्टरांचे उद्यान जॉन हॉवर्ड नावाच्या वास्तुविशारदाने आपली जमीन १८७३ मध्ये शहराला दिली त्यातून सुरू झाले. बदल्यात त्याने वार्षिक तनखा घेतला आणि अट घातली की ही जागा नागरिकांच्या विनामूल्य उपभोगासाठी कायमची राहावी. दीडशे वर्षांनंतरही तिथे प्रवेशशुल्क नाही. १९५९ साली टोकियोच्या नागरिकांनी भेट दिलेल्या चेरीच्या झाडांना मेच्या सुमारास बहर येतो तेव्हा तिथे जत्रा भरल्यासारखी गर्दी होते. आपली संस्थानकाळातली आमराई पाहिली की मला वाटते, मोकळ्या जागेची किंमत ओळखणारी माणसे आपल्या गावातही होऊन गेली आहेत. शहर चौपट झाले, पण तशा दुसऱ्या आमराईची मात्र आपण भर घातली नाही.

थंडीतल्या मुक्कामात मला भीती होती की चार महिने घरात कोंडून काढावे लागतील. पारा शून्याखाली पंधरा अंश असतानाही शहराच्या मुख्य कार्यालयासमोरच्या चौकात, जिथे उन्हाळ्यात पाण्याचा हौद असतो, तिथे बर्फ गोठवून मुले, तरुण आणि पन्नाशीच्या बाया घसरत होत्या. असे उघड्यावरचे पन्नासच्या आसपास बर्फाचे पट्टे शहर चालवते आणि त्यांना शुल्क नाही. एक पट्टा तर उंचावरून जाणाऱ्या द्रुतगती मार्गाखाली, खांबांच्या मधून वळणे घेत जातो. २०१८ पर्यंत ती पुलाखालची ओसाड जागा होती. थंडीतले एकच वैगुण्य सांगते, की उद्यानांतली पुष्कळ स्वच्छतागृहे तेव्हा बंद असतात आणि वृद्धांचे त्यामुळे फार हाल होतात. घरात बसून कंटाळा आला की आम्ही ग्रंथालयात जात असू. शंभर शाखांच्या त्या ग्रंथालयाच्या कार्डावर वस्तुसंग्रहालयाचे आणि कलादालनाचे मोफत प्रवेशपत्र मिळवता येते. कलादालनात तर पंचवीस वर्षांपर्यंतच्या सर्वांना प्रवेश मोफत आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ज्या गावात नाटक उभे केले त्या आपल्या गावात वाचनालयाच्या कार्डावर विद्यार्थ्यांना भावे नाट्यमंदिरातल्या एखाद्या प्रयोगाची खुर्ची मिळाली तर किती बरे होईल. पण तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.

लोकांची जागा लोकांच्या हातून कशी निसटते, तेही त्या शहरात दिसते आणि त्यापासून आपण सावध राहावे. सरोवरात कृत्रिम बेटे उभारून १९७१ साली प्रांतिक सरकारने ओंटारियो प्लेस नावाचे मोठे करमणूक केंद्र सुरू केले होते. तोटा होतो म्हणून २०१२ मध्ये त्याचा बराचसा भाग बंद झाला, आणि आता एका बेटावर खासगी जलविहार आणि आरोग्य केंद्र उभारण्यासाठी ती जागा ९५ वर्षांच्या भाडेकराराने देण्यात आली आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तिथली शेकडो झाडे तोडली गेली. नागरिकांनी मोर्चे काढले, न्यायालयात गेले, तरीही ते घडले. ओंटारियो सायन्स सेंटर हे १९६९ पासून लाखो मुलांनी पाहिलेले विज्ञान केंद्रही छताच्या दुरुस्तीचे कारण देऊन २०२४ च्या जूनमध्ये अचानक बंद करण्यात आले. नातवाला ते दाखवायचे माझ्या मनात होते. ‘विकसित करा, चालवा आणि कमवा’ या बोलीवर नदीकाठ कोणाच्या हाती सोपवण्याचा विचार आपल्या शहरात कधी पुढे आलाच, तर ही दोन उदाहरणे वाचकांनी लक्षात ठेवावीत.

आता सांगलीत प्रत्यक्ष काय करता येईल, याविषयी. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर अशा वस्त्यांत दर पुरात आधी पाणी शिरते आणि तिथे राहणारी बहुतेक माणसे हातावर पोट असलेली आहेत. उद्यान करायचे म्हणून त्यांना उठवा असे मी मुळीच म्हणत नाही. टोरांटोने मोबदला मोजून जमिनी घेतल्या होत्या. आपणही कुणाला घर सोडायला सांगण्याआधी त्याच्या कामाच्या जवळ, पूररेषेबाहेर, पक्के घर त्याच्या हाती द्यायला हवे, आणि ते जमत नसेल तर त्याला हात लावू नये. सुरुवात सरकारी आणि सार्वजनिक मालकीच्या रिकाम्या तुकड्यांपासून करता येईल. खासगी मोकळ्या जमिनींच्या मालकांना पैशाच्या किंवा दुसरीकडच्या विकास हक्कांच्या रूपाने मोबदला देण्याची तरतूद आपल्या राज्यात आहे.

मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानांनाही कोणी हात लावू नये. कृष्णाकाठच्या वांग्यांचे नाव ज्या मातीमुळे झाले ती माती बागेच्या हिरवळीपेक्षा मोलाची आहे. टोरांटोच्या पूर्व टोकाला रूज नावाचे राष्ट्रीय नागरी उद्यान आहे, सुमारे ७९ चौरस किलोमीटरचे, आणि त्याच्या हद्दीत आजही शेतकरी शेती करतात. लोक पायवाटेने त्या शेतांच्या बांधावरून फिरतात. आपल्या शहरातल्या मुलांनी नदीकडे जाताना मळीतून जावे, वांगी कशी लागतात ते पाहावे, यात वाईट काय आहे?

दोन अडचणी खऱ्या आहेत आणि त्या झाकून चालणार नाहीत. पहिली मगरींची. कृष्णेत मगरी आहेत आणि त्या आपल्या आधीपासून आहेत. म्हणून मुलांची खेळण्याची जागा पाण्याच्या कडेला नसावी, काठाच्या वरच्या पायरीवर असावी आणि खालच्या पट्ट्यात झाडोरा राखून त्यापलीकडे जाऊ नये अशा स्पष्ट पाट्या वन विभागाच्या सल्ल्याने लावाव्यात. दुसरी अडचण सांडपाण्याची. शेरीनाल्याचे पाणी नदीत मिसळत राहिले तर काठावर किती झाडे लावली तरी तिथे कोणी दोन घटका बसणार नाही. डॉन नदीच्या अंत्ययात्रेपासून तिच्या काठच्या नव्या उद्यानापर्यंत ५६ वर्षे गेली. आपण आज सुरुवात केली तर माझ्या नातवाच्या मुलांना ते दिसेल, आणि मला तेवढे पुरेसे आहे.

एक गोष्ट मुद्दाम मुलींसाठी लिहिते. आपल्या मैदानांवर संध्याकाळी क्रिकेट चालते आणि ते चालावे. पण त्या मैदानांच्या कडेला मुली उभ्यासुद्धा दिसत नाहीत. शाळेत असताना सातवीनंतर मुलींचे धावणे थांबते हे मी वर्षानुवर्षे पाहिले. हंबरकाठी मुली सायकलीवर होत्या, आया बाळांच्या गाड्या ढकलत होत्या, माझ्या वयाच्या बायका एकट्या पुस्तक घेऊन बसल्या होत्या. उजेड, येण्याजाण्याच्या अनेक वाटा, स्वच्छतागृह आणि सतत माणसांचा वावर एवढ्यानेच ते साधले होते. भिंत घातलेल्या आणि एकच फाटक असलेल्या बागेत ते साधत नाही.

शेवटी एक विनंती खास आपल्या दैनिकाला. टोरांटोत आपले घर पुराच्या वाटेत आहे की नाही, हे पत्ता घालून कोणालाही संगणकावर पाहता येते; मुलीने घर घेण्याआधी ते पाहिले होते. आपल्याकडे निळ्या आणि लाल रेषेचा नकाशा असतो, पण गल्ल्यांची नावे वाचता येतील अशा रूपात तो सामान्य माणसाच्या हाती पडत नाही. आपण तो मिळवून, एकेका प्रभागाचा एकेक भाग, रविवारच्या पूर्ण पानावर छापावा. त्यात आज रिकाम्या असलेल्या जागा वेगळ्या रंगाने दाखवाव्यात आणि तुमच्या गल्लीतली मुले सध्या कुठे खेळतात, हे वाचकांनी कळवावे असे आवाहन करावे. गावभागाची यादी करून पाठवण्याचे काम मी आणि माझे काही जुने विद्यार्थी आनंदाने करू.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
गावभाग, सांगली